खेपा किती होतात?

लातूर जिल्हा नवा झाला आणि आमच्या अहमदपुरात येणारं प्रत्येक स्थळ सरकारी नोकरीचं निघू लागलं. नव्या कचेरीत कोण लागलंय, कोण नाही, कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. त्यात दुष्काळ. पाणी टँकरनं यायचं. मला नांदेडला डीएडला प्रवेश मिळाला होता. पण सरकारी जावई मिळाला की माझं शिक्षण संपलं, हे वडिलांनी आधीच सांगून ठेवलेलं.

बघायला आलेला मुलगा देखणा होता, हे मी नाकारत नाही. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं.

"कलेक्टर कचेरीत टंचाईच्या कामावर आहे. तालुक्यांचे टँकर मीच बघतो."

वडील पुढं सरकून बसले. मी मनातल्या मनात नांदेडवर पाणी सोडलं.

पोहे घेऊन आली ती आत्या, वडिलांची थोरली बहीण. रोज टँकरपाशी घागरीसाठी भांडणारी.

"काम लई असंल की हो?"

"छे! साहेब चांगले, माणसं चांगली. कसलाच त्रास नाही."

"आन् खेपा किती व्हत्यात?"

"दोन," तो हसून म्हणाला. "महिन्यातून दोन. आई गावी असते ना."

माझी आई पदर तोंडावर धरून आत पळाली. टँकरनं किती खेपा केल्या यावर आमच्या गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा वाद घालायची. आणि सगळे टँकर बघणारा हा माणूस आईला भेटायला निघाला होता!

"आईला भेटा की," आत्या म्हणाली. "पर आमची दुसरी खेप कवा यील?"

त्यानं रुमाल काढून कपाळ पुसलं. पोहे तसेच राहिले.

वडील लातूरला जाऊन चौकशी करून आले. तो कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. ते काम काही वाईट नव्हतं. तेवढंच खरं सांगितलं असतं तर कदाचित आज मी त्याच्याच घरात असते.

"खेपंचं नंतर," आत्यानं मला सांगितलं. "मला आधीच वास आला व्हता. राबणारा माणूस कामाच्या नावानं कुरकुर करतोच. ह्यानं येक तक्रार केली न्हाई बघ."

मी नांदेडला गेले, शिकले, मास्तरीण झाले. मग दुसरं स्थळ आलं, विष्णुपुरीला धरणाच्या कामावरचं. आत्यानं पुन्हा विचारलं, "काम लई असंल की हो?" आणि तो सुटलाच. ऊन, धूळ, फाटलेले बूट, खानावळीतलं पातळ वरण, वेळेवर न येणारी जीप. चहावर साय धरली तरी थांबेना.

आत्या आत आली. "ह्यो खरा हाय. हाव म्हण."

मी हो म्हटलं. कुरकुर अजून चालूच आहे.