यशोची ओटीवरची परीक्षा

यशोधरा गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. शीळफाट्याला रिक्षा अडकली होती, पुढे ट्रेलर, मागे डंपर. वेळ घालवायला म्हणून फोन काढला, तर तिचा ओळखपत्रावरचा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. त्या रांगेतच कुणीतरी परीक्षेच्या ड्युट्यांचा तक्ताही टाकून दिला होता. मला इतका राग आला की रडूच येईना. रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "मॅडम, बरं आहे ना?" तेव्हा कुठे बांध फुटला... महिना होऊन गेला, राग उतरलेला नाही. हे रागातच लिहिते आहे, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

डोंबिवलीच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवते, यशो रसायनशास्त्र शिकवायची. ती मला 'मराठी' अशी हाक मारायची आणि मी तिला 'केमिस्ट्री'. स्टाफरूममध्ये नवीन आलेल्यांना आमचं भांडण आहे असंच वाटायचं. ती कल्याणच्या चाळीत वाढलेली. वडील मानपाड्याकडच्या एका केमिकल कारखान्यात कामाला. ते घरी आले की शर्टाच्या वासावरून आज कारखान्यात काय शिजलं हे आम्ही भावंडं ओळखायचो, असं ती हसत सांगायची. वडील खोकून खोकून गेले, ते मात्र हसत सांगायची नाही. पीएचडी झाल्यावर तिला परदेशात नोकरी मिळत होती. ती म्हणाली, "कारखाने इथे, नाले इथे, आणि मी जाऊ कुठे गं?" आणि राहिली.

पुढे विद्यापीठाने शाश्वत विकास हा विषय आणला. सगळ्या जगाने ठरवलेली सतरा उद्दिष्टं, त्यांच्या सतरा रंगीत पाट्या आमच्या कॉरिडॉरमध्ये लागल्या. मूल्यांकन समिती येणार म्हणून कुंड्यासुद्धा भाड्याने आणल्या होत्या, समिती गेली आणि संध्याकाळी टेम्पो येऊन कुंड्या परत घेऊन गेला. विषय शिकवायला अर्थातच यशो. शुद्ध पाण्याच्या पाटीसमोर ती बराच वेळ उभी होती. "मराठी, मुलं हे इथेच वाचणार, इथेच पास होणार आणि नाला तसाच वाहणार. ज्याचं पाणी आहे त्याला कोण सांगणार गं?" मी म्हटलं, तू सांग. चेष्टेत म्हटलं होतं.

तिने ते खरं केलं. मानपाड्याच्या पुढे, कारखान्यांच्या नाल्याला लागून एक आगरी गाव आहे. विहिरीला तिथे बाव म्हणतात. मुलांनी बावीचं पाणी आणायचं, तपासायचं आणि मग त्याच गावात ओटीवर बसून तिथल्या बायकांना निकाल समजावून सांगायचा. अर्धे गुण बायका देणार! पहिल्या वर्षी मौज बघायला मीही गेले होते. वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा ताठ बसून क्षार, मर्यादा, मानकं असं धडाधड बोलत सुटला. हिराबाय नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग पानी प्यावाचा का नाय, येवरा सांग ना बाला."

मुलगा यशोकडे बघायला लागला. यशो कौलं मोजत बसली. बायकांनी त्याला सरळ नापास केलं. पुढच्या आठवड्यात तो आपणहून परत गेला, मागोमाग आम्ही दोघीही गेलो. "आजी, भांडी घासा, कपडे धुवा, पण पिऊ नका. पोरांना तर थेंब देऊ नका." हिराबायने त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि वर भाकरी-सुकट वाढली.  परतताना यशो गाडीत म्हणाली, "माझ्या बाबांना असं कुणी सांगितलं असतं तर..."

आजार निघाला तेव्हा त्या परीक्षेवरही गंडांतर आलं होतं. अभ्यास मंडळाच्या मते ती नियमात बसत नव्हती. केमो चालू असताना, डोक्याला स्कार्फ गुंडाळून यशो बैठकीला गेली. मी बाहेर बाकावर बसले होते, दार अर्धवट उघडं. आत एका सदस्याने विचारलं, "या महिलांची शैक्षणिक पात्रता काय?"

"त्या ते पाणी भरतात, सर," यशो म्हणाली.

कुणीतरी हसलं. बाहेर आल्यावर ती जिन्यातच बसली. "पास होणार नाही असं दिसतंय गं. माझं नाही, परीक्षेचं म्हणते." मी तिला खूप ओरडले. भलतंसलतं बोलू नकोस म्हणाले. दोन्ही गोष्टी तिला कळल्या होत्या, मला एकही ऐकायची नव्हती.

ती गेली आणि मागोमाग निर्णय आला. ओटीवरची परीक्षा रद्द. आता मुलं संगणकावर चार पर्यायांतून सतरा उद्दिष्टं ओळखणार. यशोची जागाही भरणार नाहीत, तो विषय कुणी ना कुणी जाता जाता शिकवेल.

कल्याणला तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हिराबाय आली होती, गावातल्या आणखी बायकांना घेऊन. बुद्धवंदना झाल्यावर तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. "बायनी सांगलेला, पानी भरून आन." कॉलेजातल्या शिक्षकांपैकी दुसरं कुणी तिच्या ओळखीचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बाटली घेऊन कॉलेजात गेले तर यशोच्या प्रयोगशाळेला कुलूप. किल्ली मिळेपर्यंत आठवडा गेला. प्रयोगशाळेतले गृहस्थ हळहळत म्हणाले, "बाई, नमुना शिळा झाला, आता याचं काही खरं कळणार नाही." नवीन नमुना घेऊन बाहेर कुठेही तपासता येईल. कागदही मिळेल. पण तो कागद घेऊन ओटीवर बसणार कोण?

परवा हिराबायचा फोन आला. "आमचे पानियाचा काय झाला गो?"

"अजून तपासलं नाही, हिराबाय."

"बरा. घाई नाय. नवीन बाय आली का तिला दे."

मी हो म्हटलं. आयुष्यभर मराठी शिकवलं, पण नवीन बाई येणार नाही, एवढं साधं वाक्य मला बोलता आलं नाही. बाटली आमच्या फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात आहे. रोज दार उघडलं की दिसते, आणि मी दूध काढून दार लावून घेते.