विरोधात एक हात

मुलांनो, इथे परदेशात, कॅरी गावात, तुमच्या काकाच्या शेजारी एक जर्मन आजोबा राहतात. त्यांना प्रत्येक गोष्टीला मतदान लागतं. सकाळी आम्ही म्हातारी मंडळी फिरायला निघालो की ते विचारणारच, "तळ्याकडे की बागेकडे? हात वर करा!"

तरुणपणी ते जर्मनीत एका छोट्या पक्षात होते. मोठा उदारमतवादी पक्ष फार डावीकडे झुकला म्हणून काहीजण रागावून बाहेर पडले आणि त्यांनी हा नवा पक्ष काढला. पहिल्याच निवडणुकीत त्यांचे लोक नगरपालिकेत गेले. मग पुढारी कोण, यावरून भांडणं झाली आणि एकेक जण जुन्या पक्षात परतला. पक्ष बंद करायच्या सभेला सगळे एका टेबलाभोवती मावले. "विरोधात फक्त माझा हात होता," हे आजोबा अजून ऐटीत सांगतात.

गेल्या आठवड्यात आमच्यातल्या शीलाताई म्हणाल्या, "थंडी फार वाढलीय. आता फिरणं कॅन्सल करू या." जवळजवळ सगळ्यांचे हात भराभर वर गेले. "विरोधात?" असं विचारून आजोबांनी स्वतःचाच हात वर केला. तो एकटा हात मला बघवेना. मीही माझा वर केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच. त्यांचं मत तळ्याला, माझं बागेला.

"मॅडम, पहिल्याच दिवशी पक्षात फूट!" ते खो खो हसले.

फेरमतदानातही तेच. शेवटी कोपऱ्यावरच्या बाकावर बसून आम्ही एकमताने ठरवलं, उद्या शीलाताईंना ओढून आणायचं. तिसरं मत मिळाल्याशिवाय आम्ही इथून हलणार कसे?