बंदुकीच्या चिंध्या

माझे यजमान पांढरकवड्याच्या एका जिनिंग कारखान्याच्या फाटकावर बंदूकवाले चौकीदार होते. बंदूक त्यांची, परवाना त्यांचा. ती साफ करायच्या चिंध्या मात्र मी कापायच्या. विकतच्या महाग, म्हणून घरातलं जुनेर शोधायचं. आणि कापसाच्या जिल्ह्यात निव्वळ सुती कापड औषधालाही मिळेना! ज्याच्या त्याच्या अंगावर टेरीकॉट. एकदा तेच कापून दिलं, तर त्यानं तेल काही प्यायलं नाही आणि गोळा होऊन नळीत असं अडकलं की यजमानांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मग मी पेटीतून माझ्या बाबांचं जुनं धोतर काढलं. माझ्या बाळंतपणात बाळाच्या लंगोटांसाठी त्यांनी मुकुटबनहून आणलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. काठ काढून टाकायचे, तळहाताएवढे चौकोन करायचे. यजमान ते गजाच्या टोकाला लावून नळीतून फिरवायचे. वापरलेल्या चिंध्या मी सोड्यात उकळून पुन्हा वाळत घालायची, लंगोटांच्याच दोरीवर. त्या तेलकट वासाची मला शिसारी यायची.

त्या वर्षी कापसाचे भाव पडले होते आणि फाटकाबाहेरची बैलगाड्यांची रांग हलत नव्हती. कापूस घेऊन आलेले बाबाही तीन दिवसांपासून आपल्या गाडीखाली झोपत होते. मी त्यांना डबा पाठवायची, यजमानांच्याच हाती.

चौथ्या दिवशी भरदुपारी यजमान घरी आले आणि पाणीही न पिता गज घेऊन बसले. एरवी चिंधी धुळीनं तांबूस निघायची. त्या दिवशी काळीकुट्ट निघाली, आणि घरभर जळकट वास सुटला. बार काढला का, मी विचारलं. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं माल नापास केला, लोक फाटकावर चढले, मालकानं खूण केली, असं त्यांनी सांगितलं. सांगताना गज चालूच होता.

"बाबा होते ना लायनीत?"

"होते ना. पुढंच होते. मले दिसले, म्हून तं वरतं मारली."

उपकार केल्यासारखं बोलले. बाबा दिसले नसते तर कुठं मारली असती, हे विचारायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी मान वर न करता हात पुढे केला, दुसरी चिंधी दे म्हणाले.

मी बाबांचं धोतर फाडून दुसरी दिली.