ट्रकमधली जागा

आमच्या कृष्णाकाठच्या गावात पूर आला तेव्हा मी बंगळुरूत, सर्जापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटमध्ये कोरडी ठणठणीत बसले होते. आई-बाबांना शेजारच्या गावच्या शाळेत हलवलं होतं, आणि फोन लागला तर लागला. बस बंद होत्या. पाणी जरा उतरलं की आधी जाणार होता तो मदतीचा ट्रक. त्यात आपण बसायचंच, असं मी ठरवून टाकलं.

ट्रक पाठवत होती बंगळुरूच्याच शिवाजीनगरातली एक छोटी संस्था. ती चालवणाऱ्या अक्कांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. बोलणं गोड, पण नियम कडक. माझं गाव कळल्याबरोबर त्या म्हणाल्या, "मग तू ट्रकात नको. ज्याचं घर बुडलं, त्याला आम्ही पाठवत नाही. एकदा एकानं ट्रक आपल्याच गल्लीत उभा केला, पलीकडच्या वस्तीला काही उरलं नाही. सरी?"

"सरी कसलं!" त्यांच्या त्या कानडी 'ठीक ना?'वर मी भडकले. "माझी आई आहे तिथं."

"म्हणूनच. तू इथं राहून मदतीसाठी लोकांशी बोल. तुझ्यासारखं दुसऱ्या कोणाला सांगता यायचं नाही."

मग मी रोज संध्याकाळी सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये बोलू लागले. पार्किंगवरून भांडून दमलेल्या लोकांसमोर, हिंदीत. सुरुवातीला पाणी किती चढलं, किती घरं गेली, असं सांगायचे. लोक जांभया द्यायचे. एका बाईंनी पूरग्रस्तांसाठी टिकल्यांचा घागरा आणून दिला. एक दिवस वैतागून मी ते सगळं सोडलं आणि आमच्या घराचंच सांगत सुटले. आई घराच्या पुढच्या सोप्यात बसून ज्वारी पाखडते, नदीचा वारा सुटला की कोंडा थेट बाबांच्या पेपरावर, मग दोघांचं रोजचं भांडण. आणि एकेक करून मोबाइल वर आले, भिंतीवरचा देणगीचा कोड स्कॅन करायला.

तेव्हापासून मी घर विकायलाच बसले म्हणा ना. पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळच्या बोलण्याची मी वाट बघायला लागले होते. ऑफिसात आमच्या सोप्याचं कोणाला काय पडलंय? इथं तेवढा वेळ मी घरी असायचे. बोलून परत निघाले की मात्र आईची इतकी आठवण यायची, की ताट तसंच झाकून ठेवायचे.

ट्रक भरला तेव्हा पुन्हा अक्कांपाशी गेले. म्हटलं, "मी केबिनमधून उतरणारसुद्धा नाही. लांबूनच बघीन."

"उतरशील गं," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्यांचं खोटं नव्हतं. मी ताडपत्री बांधू लागले, दोर ओढून ओढून तळहात सोलवटले, आणि ट्रक गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. मी मीटिंग सोडून जिन्यात पळाले.

"ट्रक आला का? पीठ, चादरी, मिळालं का सगळं?"

"मिळालं की. पर मागनं मिळालं," आई म्हणाली. "सगळी रांगंत हुती, मी न्हाई थांबले. बेंगलोरचा ट्रक म्हटल्यावर मी आधी पुढं जाऊन डायवरशेजारी बघितलं, तू बसलीयास का."