शुक्रवारला भिणारा मामा

अख्ख्या भिवंडीत शुक्रवारला भिणारा माणूस एकच, माझा मामा. ज्या सुट्टीची सगळे लूमवरचे, म्हणजे यंत्रमागावरचे, कामगार सहा दिवस वाट पाहायचे, त्या दिवशी आमच्या नारपोलीतले लूम थांबले की मामा कानांवर हात दाबून कोपऱ्यात झुलत बसायचा. एरवीच्या खडखडाटात मात्र गाढ झोपायचा. मग मी, सात-आठ वर्षांची, पितळी ताटावर चमच्याने लूमचा ठेका धरायचे. टक्-टका, टक्-टका. हळूहळू त्याचे हात खाली यायचे. "ताटाला पोचे पारशील गो!" आजी ओरडायची, पण ताट काढून घ्यायची नाही.

मामा कधी नजरेला नजर देत नसे. माझ्याशी बोलायचा तो माझ्या दप्तराकडे बघून. विचारलेला प्रश्नच तो परत करायचा. "जेवलास का?" विचारणाऱ्या एका पाहुण्याला त्याने चार वेळा "जेवलास का?" म्हटलं, तेव्हा तो बिचारा संकोचून पुन्हा पानावर बसला. मला शाळेत सोडायची ड्युटी मामाची, आणि रस्ता ठरलेला. एकदा गल्लीत शेजारच्या चाचांच्या मुलीच्या लग्नाचा मंडप पडला. मामा माझं बोट धरून थेट जेवणाऱ्यांच्या पंगतीतून निघाला. कुणीतरी खेकसलं. चाचा म्हणाले, "अरे, जाने दो! रास्ता उसका है, मंडप तो हमने बीच में डाला है." दुसऱ्या दिवशी मंडपात आमच्यापुरती वाट सोडलेली होती. त्या वाटेनेच मी घरातली पहिली पदवीधर झाले.

बी.एड.ला असताना मला 'ऑटिझम', स्वमग्नता, हा शब्द भेटला. वाचता वाचता पानापानावर मामा दिसायला लागला. धावत येऊन आजीला सांगितलं, की ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण असते. बरंचसं आनुवंशिक असतं. नेमकं सगळं कारण अजून डॉक्टरांनाही ठाऊक नाही. पण गरोदरपणी ग्रहणात तू भाजी चिरलीस म्हणून हे झालं नाही. आजीने विळीकडे बघितलं. "मंग येवरी वर्सं मी फुकटच रडली?" म्हणाली, आणि पुन्हा रडली.

पुढे गल्लीतले लूम विकले गेले. आजी मामाला घेऊन दिघाशीला, आमच्या गावी, राहायला गेली आणि मी नोकरीला दूरच्या शहरात. "त्याला कोनाची आठवन येत न्हाय," असं गावात सगळे म्हणतात. मला ते लागतं.

गेल्या शुक्रवारी आजीने फोन त्याच्या कानाला लावला. न राहवून मी विचारलं, "मामा, आठवण येते का?"

"आठवण येते का?" मामा म्हणाला.

फोनमध्ये शांतता पसरली आणि तिकडे तो कानांवर हात दाबेल, या धास्तीने मी चमचा शोधू लागले. तेवढ्यात पलीकडूनच सुरू झालं. टक्-टका, टक्-टका.

"ताटाला पोचे परतील रं!" मागे आजी म्हणत होती.

तो ते स्वतःसाठी वाजवत होता की माझ्यासाठी, मला अजून ठाऊक नाही. मी फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिले.