काळ्या कानांच्या मांजरीचा माळ

मामांचा निरोप आला नसता, तर ऐन उन्हाळ्यात जळगाव जामोदला जायची दुर्बुद्धी मला सुचली नसती. अकोल्याला निघालेल्या एका माणसाबरोबर त्यांनी एवढंच कळवलं होतं, "स्याहगोशनं पिल्लं देल्ली. पाहाची असतीन तं ये." स्याहगोश म्हणजे काळ्या कानांची रानमांजर. शाळेला सुट्टी होती. बायको म्हणाली, घरात मांजरी काय कमी आहेत? तरी निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. नांदुऱ्यापर्यंत रेल्वे. पुढे सर्व्हिस मोटार आहे, पण ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली की चढावर हलत नाही. त्यापेक्षा बैलांची दमणी बरी; भाड्याची घासाघीस बसण्याआधी करावी. भाकरी, ठेचा, कांदा घरून न्यावा. वाटेत चहा म्हणून जे देतात, ते गुळाचं पाणी. पूर्णेला या दिवसांत गुडघाभरच पाणी असतं, दमणी पात्रातूनच जाते.

नदीपासून गावापर्यंत सगळी काळी, नांगरून पडलेली जमीन. उत्तरेला सातपुडा. या दोहोंच्या मध्ये मामांचा माळ: कुसळी गवत, बोरीच्या जाळ्या, ससे, तितर. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. बिनलग्नाचे आणि चिडके. आमचं वऱ्हाड जसं नावाला निजामाचं आणि कारभार नागपूरचा, तसा हा माळ नावाला मामांचा. डोळा त्यावर त्यांच्या भावांचा. नांगरून कापूस लावा, असा त्यांचा धोशा. मामांचं उत्तर ठरलेलं, "हे जनावर हाये तवरोक नांगर लागणार नाही."

संध्याकाळी गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. मी दोन रोडगे जास्तच खाल्ले. मामांचा वाघ्या कुत्रा अंगणात मोकळा हुंदडत होता. पूर्वी लांडग्यांनी मान धरू नये म्हणून त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असे. तो आता खुंटीला होता.

"मामा, याचा पट्टा काऊन काढला?"

"लांडगेच नाही राह्यले, तं पट्टा कशाले?" मामा खुशीत होते. "पहाडात बिबट्या स्याहगोशले जगू देत नाही, वावरात लपाले जागा नाही. माळच काय तो तिचा. अन् तिथी लांडगे तिले पळवत. मंग हिवाळ्यात धनगराले सांगून बिळंच खंदून काढले. आता भेव नाही कोणाचं."

मलाही ते पटलं. कोणालाही पटलं असतं.

सकाळी माळावर गेलो. मामांनी बोट दाखवलं. उंचवट्यावर ती बसली होती, तांबूस, कानांच्या टोकांना काळे झुपके. इतकं देखणं जनावर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण ती आमच्याकडे बघत नव्हती. ती नाल्याकडे बघत होती, जिथे एका कपारीत तिची दोन पिल्लं होती.

नाल्यातून कुत्री वर आली. गावातलीच, ओळखीची. लांडगे होते तोवर यांनी कधी शिवेबाहेर पाय टाकला नव्हता. सगळ्यांच्या पुढे वाघ्या. तो धावत आला, तोंडातलं मेलेलं पिल्लू मामांच्या पायाशी ठेवलं आणि शाबासकीसाठी शेपूट हलवत उभा राहिला. पिल्लाचे कान काळे होते.

मामांनी काठी उचलली. मग खाली केली.

"याले काय मारू बे? लांडगे तं म्याच काढले."

कपारीत दुसरं पिल्लू नव्हतं. मांजर तिथे घुटमळली, मग डोंगराच्या दिशेनं चालू लागली. मी म्हटलं, तिकडे बिबट्या आहे. मामा म्हणाले, "मंग कुठी जाईन ते?"  

निघण्याआधी त्यांच्याबरोबर बाजारात गेलो. मामा भेटेल त्या धनगराला विचारत होते, "लांडग्याचं पिल्लू भेटन काय? जितं पाह्यजे. माळावर सोडाचं हाये."

त्यांच्याच सांगण्यावरून बिळं खणणारा म्हातारा धनगर भेटला. त्याला ही थट्टा वाटली. मग मामांचा चेहरा पाहून तो हलक्या आवाजात म्हणाला, "पाटील, तुमीच सांगतलं होतं ना, एकबी ठेवू नको म्हून."

मामा "हाव, सांगतलं होतं" म्हणाले आणि पुढच्याकडे विचारायला गेले.

मी परतलो त्याला आता वर्ष होत आलं. ती मांजर पुन्हा कोणाला दिसली नाही. भावांनी पावसाळ्याआधीच माळ नांगरला. मामा आडवे आले नाहीत. तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा. नदी आहे, सातपुडा आहे, रोडगे उत्तम मिळतात. मामांकडे उतरलात तर तेही प्रेमानं वाढतील. फक्त जेवताना ते विचारतील, तुमच्या भागात लांडगे आहेत का. नाहीत, असं लगेच सांगू नका.