पुढे ओढलेली सीट

बरखेड्यातलं कारखान्याचं क्वार्टर रिकामं करायला सहा दिवस उरले होते आणि आमच्या जुन्या गाडीला ब्रेक नव्हता. निवृत्तीनंतर मुदत वाढवून घेत मी तिथं तग धरून होतो. आता तीही संपली होती. इंदूरहून मुलीनं फोनवर निकाल देऊन टाकला, "बाबा, रविवारी सामानाला ट्रक येईल. तोवर गाडी चालती झाली तर घेऊन या, नाहीतर कबाडीला देऊन टाका."

कबाडीला! तीन दिवसांची असताना याच गाडीतून तिला दवाखान्यातून घरी आणलं होतं. तिला ते कुठून आठवणार म्हणा.

बायको आजारी पडून गेली, तेव्हापासून दोन वर्षं गाडी अंगणातल्या पत्र्याखाली उभी होती. अशोका गार्डनमधल्या मेकॅनिकनं तर न बघताच सांगितलं, "अंकल, बेच दो." मी फोन आपटला. कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेल्या माणसाला हा पोरगा शहाणपण शिकवणार?

मी उजवं दार उघडलं, वाकून हातानंच पेडल दाबून बघितलं. ते लोण्यात बोट जावं तसं तळाला गेलं. बॉनेटखालचा ब्रेक ऑइलचा डबा जवळजवळ कोरडा. म्हणजे तेल कुठून तरी गळत होतं. चारही चाकांच्या आतून हात फिरवला, तर मागच्या डाव्या चाकाशी बोटं ओली झाली. चाक उतरवलं, ड्रम काढला. आतला रबरी कप फुगून चिरला होता. नवा कप इंद्रपुरीतल्या दुकानात मिळाला. कप बसवला, तेल भरलं. एवढं दोन दिवसांत झालं आणि मी स्वतःवर खूश होतो.

पण नळीत हवा शिरली होती, आणि हवा काढायचं काम एकट्याचं नसतं. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचा निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करायचा. तेलाबरोबर बुडबुडे निघाले की निपल घट्ट करायचा आणि मगच पेडल सोडायचं. घाईनं पाय उचलला की हवा परत आत.

आमच्याकडे पेडलवर नेहमी बायको. मी चाकाशी आडवा पडून ओरडायचो, "दाब!" आतून उत्तर यायचं, "दाबलं!" त्या उत्तराशिवाय मी पान्याला हात लावत नसे. कुकरची शिट्टी झाली की ती वैतागायची, "अहो, आटपा लवकर, भात करपेल." पण मी "सोड" म्हणेपर्यंत पाय काही उचलायची नाही. ती बुटकी, म्हणून सीट पार पुढे ओढून घ्यायची. शेवटचं हे काम केलं त्यानंतर गाडी बाहेर काढायच्या आतच, आठवड्यात ती आजारी पडली, आणि सीट तशीच पुढे राहिली. म्हणून तर मी आत न बसता वाकून पेडल दाबत होतो. हा वेडेपणा कुणाला सांगणार?

मी सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून बघितला. निपल सैल केला की पेडल खाली जायचं, ठोकळा पडायचा आणि पेडल उसळून हवा ओढून घ्यायचं. शुक्रवारचा सगळा दिवस यात गेला. शनिवारी सकाळी चाकाशी पडल्या पडल्या माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "दाब!" आणि मी चक्क उत्तराची वाट बघत राहिलो. मग तसाच जमिनीवर पडून रडलो.

"किसको बोल रहे हो, भाईसाब?" फाटकाशी समोरच्या क्वार्टरमधले निवृत्त वेल्डर उभे होते. अंगणातल्या पेरूच्या फांदीवरून आमचं भांडण झालेलं, तेव्हापासून बोलणं बंद. मी डोळे पुसून काम सांगितलं. ते ताडमाड उंच. आत बसायला जाताच त्यांनी सीटखालच्या खटक्याला हात घातला.

"सीट मत हिलाना!" मी ओरडलो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, सीटपुढच्या चिंचोळ्या जागेकडे बघितलं. भाभीजी केवढ्या होत्या ते त्यांना माहीत होतं. खटका सोडून ते गुडघे स्टिअरिंगला टेकवून अंग चोरून बसले.

"दाबा," मी म्हणालो.

"दबा दिया."

चारही चाकं झाली, ऊन पार अंगणात आलं. पेडल निम्म्यावर दगडासारखं घट्ट लागलं. शेजारी उतरले, कंबर धरून उभे राहिले आणि चहा पिऊन गेले.

रविवारी ट्रक पुढे निघाला. मी क्वार्टरला कुलूप लावून गाडीशी आलो. सीटमध्ये माझं अंग काही मावेना. खटका दाबला, गंज धरला होता, सीट हलेना. दोन्ही हातांनी हिसडा दिला तेव्हा ती करकरत मागे आली. मी आत बसलो आणि निघण्याआधी ब्रेक दाबून बघितला. घट्ट होता.

"दाबलं," मी मोठ्यानं म्हणालो, आणि "सोड" ऐकू येण्याची वाट बघत पाय तसाच दाबून बसून राहिलो.